तांबटाच्या घरचा काथ्या

मी काथ्या बोलतोय. सोनगीरच्या लोटन तांबटांच्या ओट्यावर आडवा पडून बोलतोय, कारण एकदा उभा राहिलो की माझ्याच्यानं बोलणं होत नाही, पळणंच होतं.

कागदावर मी जर्मन वायरहेअर्ड पॉइंटर आहे. अंगावरचे केस नारळाच्या शेंडीसारखे राठ, तोंडाला दाढीमिशा आणि डोळ्यांवर म्हाताऱ्या सावकारासारख्या भुवया. आमच्या पूर्वजांचं काम ठरलेलं होतं. बंदूकवाल्या मालकापुढे रानात धावायचं, झुडपात दडलेला पक्षी वासाने हेरायचा आणि जिथल्या तिथे एक पाय उचलून पुतळ्यासारखं उभं राहायचं. पक्षी पडला की तोंडात अलगद धरून आणून द्यायचा. हे मला कोणी शिकवलं नाही, जन्मतानाच अंगात आलं. बंदूक मात्र मी आजवर पाहिलेली नाही आणि पाहायची हौसही नाही.

माझा जन्म पुण्याजवळचा. डोळे उघडून थोडे दिवस झाले असतील नसतील, तोच माझा फोटो कोणीतरी फोनवर टाकला आणि आकाश नावाच्या तरुणाला तो फार आवडला. दाढीवालं पिल्लू कोणाला आवडत नाही? आकाशने मला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेलं. त्याची बायको मोनाली मला बघून आधी हसली, मग तिने घरातले गालिचे गुंडाळून माळ्यावर टाकले. बाई शहाणी होती.

आकाश वाईट माणूस नव्हता. दिवसभर ऑफिसचं काम करून थकला तरी संध्याकाळी मला सोसायटीभोवती दोन चकरा मारून आणायचा. आता दोन चकरा म्हणजे माझी नुसती जांभई. अंगातली बाकीची रग मी घरात जिरवायचो. सोफ्याचा कोपरा खाल्ला, टीव्हीची वायर खाल्ली, मोनालीच्या चपला खाल्ल्या. त्यासुद्धा प्रत्येक जोडातली एकच. पाणी पिऊन आलो की दाढीतून निम्मं पाणी फरशीवर आणि निम्मं पाहुण्यांच्या मांडीवर. मोनालीला दिवस गेले तेव्हा ती आकाशला शांतपणे म्हणाली, "दोन बाळं मला झेपायची नाहीत. एकाची सोय बघ."

माझी सोय सोनगीरला झाली. लोटन तांबट हे आकाशचे मामा. मुंबई-आग्रा रस्त्याला लागून गाव, मागे टेकडीवर किल्ला आणि गावात तांब्यापितळेची दुकानं. आकाशने मला गाडीतून उतरवलं आणि म्हणाला, "मामा, दोनच महिने सांभाळा. तोवर मी काहीतरी बघतो."

मामा घागर मठारत, म्हणजे ठोकून ठोकून घडवत बसले होते. हातोडी तशीच वर धरून त्यांनी मला नखशिखांत पाहिलं. "हाई कुत्रं शे का खराटा?"

"जर्मन आहे मामा. खूप हुशार जात आहे."

तिथेच आकाशचं चुकलं. आमच्याकडे अॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मलची भांडी म्हणतात, आणि तांबटापुढे जर्मलचं नाव काढणं म्हणजे हलवायापुढे मधुमेहाचं नाव काढणं. मामा म्हणाले, "जर्मलना भांडास्नी मना धंदा बसाडा. नी आते घरमा कुत्रंबी जर्मलनंच उनं."

पण त्यांनी मला परत गाडीत बसवलं नाही. त्याचं कारण सांगतो. बोलता बोलता त्यांनी घागरीवर हातोडी घातली. असा आवाज की ओट्यावरची गावठी कुत्री शेपूट घालून पसार झाली. मी मात्र जागचा हललो नाही. बंदुकीच्या बारालाही न दचकणारी आमची जात. घागरीची काय कथा? मी हातोडीखाली नाक घालून वास घेतला आणि तिथेच पसरलो. मामांनी दुसरा ठोका घातला, तिसरा घातला. मग मान खाली घालून कामाला लागले. त्या दिवसापासून मी त्यांना आप्पा मानलं, कारण त्यांची मुलगी त्यांना आप्पा म्हणायची.

माझं काथ्या हे नाव मात्र आप्पांच्या बायकोने, कामिनीबाईंनी ठेवलं. अंगावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "येनावर त भांडा घासाई जातीन." तेवढं एक कौतुक सोडलं तर पहिले पंधरा दिवस बाईंचं आणि माझं काही जमलं नाही. त्या ओटा पुसायच्या आणि मी ओल्या दाढीने त्यावर नक्षी काढायचो. त्या पापड वाळत घालायच्या आणि मी ते वाळले का ते बघायचो.

मग कोंबडीचं प्रकरण झालं. पलीकडे झुंबरअक्का राहतात. त्यांची एक तांबडी कोंबडी उकिरड्यावर चरत होती. माझ्या अंगातला कोण पूर्वज जागा झाला कोणास ठाऊक, मी ती अलगद उचलली आणि थेट दुकानात नेऊन आप्पांच्या मांडीवर ठेवली. समोर गिऱ्हाईक बसलेलं. मागून झुंबरअक्का काठी घेऊन आल्या.

"लोटन, तुना कुत्रानी मनी कोंबडी खाई टाकी."

आप्पांनी कोंबडी उलटीपालटी करून पाहिली. एक पीस मोडलेलं नव्हतं. "देखी ले अक्का. जित्ती शे."

अक्कांनी हातात घेऊन पाहिली. "वल्ली शे," त्या म्हणाल्या, "पन जित्ती शे."

कोंबडी अंग झाडून निघून गेली. गिऱ्हाईक हसून हसून बेजार झालं आणि जाताना पाण्याचा बंब घेऊन गेलं. पण कामिनीबाईंनी त्याच दुपारी आकाशला फोन लावायचं ठरवलं. आज कोंबडी जिवंत आली, उद्या काय येईल कोणी सांगावं?

फोन लागण्याआधी भूमिका मध्ये पडली.

भूमिका ही आप्पांची एकुलती एक मुलगी. बी.ए. झालेली, अंगाने काटक, बोलायला कमी. तिला वनखात्यात वनरक्षक व्हायचं होतं. त्या भरतीत लेखी परीक्षा असते आणि पुढे लांब पल्ल्याचं धावणं. आदल्या वर्षी ती रोज पहाटे किल्ल्याच्या पायथ्याच्या कच्च्या वाटेवर धावायची. एकदा मोटारसायकलवरची दोन पोरं तिच्या शेजारी शेजारी गाडी चालवत राहिली, काहीबाही बोलत. तिने घरी येऊन सांगितलं, लपवलं नाही. आप्पांनी दुसऱ्या दिवसापासून तिचं धावणं बंद केलं. ती रागावली नाही, भांडली नाही. घराच्या गच्चीवर गोल गोल धावायला लागली. गच्चीवर धावून का कुठे दम वाढतो? त्या वर्षी ती धावण्यातच मागे पडली. तेव्हापासून बाप-लेक एकमेकांशी बोलत, पण जेवढ्यास तेवढं.

त्या दुपारी ती आईच्या हातातला फोन बाजूला ठेवून म्हणाली, "याले पयाडाले लागी, माय. नही त हाऊ एक दिवस घर खाई टाकी." मग आप्पांकडे वळून म्हणाली, "मी याला पहाटे घेऊन जाते. मी एकटी नाही, हा आहे सोबत."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी नेमका तेव्हा त्यांच्या चिमट्याची मूठ चावत होतो. त्यांनी चिमटा माझ्या तोंडातून सोडवला. मग म्हणाले, "काथ्या संगे ऱ्हाई ना? मंग जाय."

दुसऱ्या दिवसापासून माझं खरं आयुष्य सुरू झालं.

पहाटेची गार हवा, पायाखाली मऊ फुफाटा, दोन्ही बाजूंना कपाशी आणि पुढे किल्ल्याची टेकडी. मी पहिल्या दिवशी भूमिकाला अक्षरशः ओढत नेलं. तिचा श्वास भात्यासारखा चालला होता, पण ती थांबली नाही. मोटारसायकलवाली पोरं तिसऱ्या का चौथ्या दिवशी भेटली. गाडी हळू झाली. मला वाटलं आपले लाड करायला थांबताहेत, म्हणून मी आनंदाने पुढचे दोन्ही पाय गाडीवर टाकले आणि मागच्याच्या तोंडाजवळ दाढी नेली. त्या पोरांइतक्या घाईने गिअर टाकताना मी कोणाला पाहिलेलं नाही. ती पुन्हा त्या वाटेला दिसली नाहीत.

आमची एकच अडचण होती. मी भरधाव पळत असायचो आणि मध्येच वास यायचा. तितर, नाहीतर लावा. मग माझ्या हातात काही राहत नसे. एक पाय वर, शेपूट ताठ, खिळा ठोकल्यासारखा उभा. मागून भूमिका येऊन माझ्यावर आदळायची. एकदा तर माझ्या अंगावरून पलीकडे धुळीत जाऊन पडली. गुडघा फुटला. ती उठली, गुडघ्यावरची माती झटकली आणि मला ओरडण्याऐवजी मी बघत होतो तिकडे बघायला लागली. हळूच पुढे आली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "चल." समोरच्या झुडपातून तितराची जोडी फर्रकन उडाली. भूमिकाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी घरात तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

पुढे तसा रिवाजच पडला. मी उभा राहिलो की ती थांबायची, दम घ्यायची, पाठीवर हात ठेवून "चल" म्हणायची. पक्षी उडाला की आम्ही पुन्हा पळायचो. पळून, थांबून, पुन्हा पळून तिचा दम असा वाढला की दोन महिन्यांनी धाप मला लागायची. जेवताना ती आईला सांगायची, आज लावे होते, आज टिटवीची पिल्लं होती, काथ्या असा उभा राहिला, मी असा हात ठेवला. आप्पा ताटाकडे बघून जेवत. ऐकत असतील असं वाटायचं नाही.

आकाशचे दोन महिने केव्हाच उलटून गेले. तो फोन करायचा, कामिनीबाई सांगायच्या, "ऱ्हाऊ दे आजून थोडाक दिन."

भूमिका लेखी परीक्षा पास झाली. हिवाळ्यात धावण्याची तारीख आली. मैदान धुळ्याचं आणि हजेरी भल्या पहाटे. म्हणून ती आदल्या दिवशीच एस.टी.ने धुळ्याला नूतन आत्याकडे मुक्कामाला गेली. नूतन आत्या म्हणजे आकाशची आई. जाताना भूमिकाने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि सांगितलं, "उद्या नीट राहा. मी दुपारी येतेच."

मला उद्या वगैरे कळत नाही. पहाट झाली हे कळतं. पहाट झाली, आमच्या धावण्याची वेळ झाली आणि भूमिका काही ओट्यावर आली नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग मान आखडून पट्टा काढला आणि म्हटलं, ती पुढे गेली असणार. नेहमीच्या वाटेने सुटलो.

वाटेवर ती नव्हती. ओढ्याजवळ नव्हती, टेकडीच्या वळणावरही नव्हती. तिचा वाससुद्धा कालचा, शिळा. मी परत फिरणार एवढ्यात कपाशीच्या रानातून दुसरा वास आला. अगदी ताजा आणि अगदी जवळचा. वेचणी होऊन गेलेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, त्यात शिरलो आणि जागीच थांबलो. समोर काटक्यांच्या आड तितर बसला होता. मी पाय उचलून उभा राहिलो.

आता पुढे काय व्हायचं ते ठरलेलं होतं. भूमिकाने यायचं, पाठीवर हात ठेवायचा, "चल" म्हणायचं. कोणी आलंच नाही. तितर हलेना आणि मीही हलेना. ऊन अंगावर आलं. एक पाय वर धरून बाकीच्या पायांना कळ लागली. भुंकावं म्हटलं तर तसं उभं असताना आमच्यात भुंकत नाहीत.

बऱ्याच वेळाने लांबून हाक ऐकू आली. "काथ्या, ए काथ्या."

आप्पांचा आवाज. कामिनीबाईंना रिकामा पट्टा दिसला असणार. गावात कोणासमोर चार शब्द मोठ्याने न बोलणारा हा माणूस शेताशेतातून माझ्या नावाने ओरडत येत होता. बांधावर कोणीतरी विचारलं, "काय धुंडी ऱ्हायना लोटनभाऊ? गाय का?" आप्पा म्हणाले, "कुत्रं." तो माणूस हसला. आप्पा तसेच पुढे आले, माझ्यापासून पाच-दहा पावलांवर, पण पऱ्हाट्यांमुळे मी त्यांना दिसेना.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भूमिकाचा होता. पहाटेपासून रांगेत उभी राहून, मैदानाच्या फाटकावर फोन जमा करायच्या आधी तिने लावला होता. शांत रानात तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"आप्पा, आता आत सोडताहेत. काथ्या काय करतोय?"

आप्पांनी रिकाम्या वाटेकडे पाहिलं. मी त्यांना इतके दिवस ओळखतो. घागरीला डाग देऊन भोक बुजवलेलं असेल तर गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी सांगणारा माणूस. खोटं बोलायची जिभेला सवय नाही.

"काथ्या?" ते म्हणाले. "हाऊ काय, मना बाजूलेच शे."

"दाखवा ना. व्हिडिओ करा."

"आठे रेंज नही." आप्पा म्हणाले. "त्यानी काळजी करू नको. तू पय, बेटा. मांगे देखू नको."

"बरं आप्पा," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलंत, आता पळते."

फोन बंद झाला. आप्पा मटकन बांधावर बसले. डोक्यावरचा रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं. त्यांना काय वाटत असेल ते मला कळत होतं. आपण पोरीला खोटं सांगितलं, आणि दुपारी ती आल्यावर तिला काय तोंड दाखवायचं? मी तर त्यांच्या बाजूलाच होतो. खोटं म्हणून बोललेली गोष्ट पूर्ण खरी होती, फक्त ते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

मग वारा सुटला आणि माझी शेपूट जराशी हलली असावी. आप्पांनी मान वर केली. पऱ्हाट्यांमधून त्यांना माझ्या पाठीचा काथ्या दिसला. ते उठले. मला वाटलं आता धावत येतील, ओरडतील, मानगूट धरतील. पण ते पाय न वाजवता आले, अगदी भूमिका यायची तसे. माझ्या मागे येऊन थांबले. मी बघत होतो तिकडे त्यांनी बघितलं. हातोडी धरून घट्टे पडलेला तो जड हात माझ्या पाठीवर आला.

"चाल रे भाऊ," आप्पा म्हणाले.

म्हणजे ताटाकडे बघत जेवताना त्यांनी सगळं ऐकलं होतं.

तितर असा उडाला की आप्पा दचकून मागच्या मागे पऱ्हाट्यांत बसले. धोतराला गोखरूचे काटे, पाठीला माती. बसल्या बसल्या ते हसायला लागले. एकटेच, खूप वेळ. मीही त्यांची दाढी चाटली. माझ्यासारखीच राठ आहे, फक्त पाणी गळत नाही.

डोक्याचा रुमाल त्यांनी माझ्या गळ्यात बांधला आणि आम्ही निघालो. मला भूक लागली होती, त्यामुळे मी काही हळू चाललो नाही. लोटन तांबट धोतर सावरत गावातून धावताना सोनगीरने पहिल्यांदा पाहिले.

दुपारी भूमिका आली. धावणं मनासारखं झालं होतं. तिच्या चालण्यावरूनच कळत होतं. कामिनीबाईंनी तिला सकाळची हकिकत सांगितली, आप्पा दुकानात उगाच एक लखलखीत तांब्या पुन्हा घासत बसले. भूमिका त्यांच्यापाशी जाऊन बसली. आधी माझ्या कानामागचे गोखरू काढले, मग आप्पांच्या धोतराचे. आप्पांनी पाय जरा पुढे केला, म्हणजे मागच्या बाजूचेही काढता यावेत.

तिची निवड झाली. पेढे वाटले गेले, झुंबरअक्कांनी एक मला दिला आणि म्हणाल्या, "कोंबडीले इसरेल नही मी." भूमिकाला प्रशिक्षणाला रावेरकडे, सातपुड्यातल्या पाल गावी जायचं होतं. ती गेली तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही. ते खरं आहे, पण त्याचा फार बाऊ करत नाही. तिसऱ्या दिवशी कामिनीबाईंनी बाजरीच्या भाकरीवर तूप घातलं.

त्याच आठवड्यात आकाश गाडी घेऊन आला. त्याला मुलगी झाली होती, तिचे फोटो त्याने सगळ्यांना दाखवले. मग म्हणाला, "मामा, आता भूमिका नाही. याला पळवणार कोण? दोंडाईचाला माझ्या मित्राचं शेत आहे, चांगलं मोठं. तो नेतो म्हणतोय. तुमच्या डोक्याचा ताप जाईल."

आप्पा घागर मठारत होते. ठोके चालूच राहिले. मी त्यांच्या पायाशी पडून एक डोळा उघडा ठेवला होता. आकाशची सूचना चुकीची नव्हती. तोही माझ्या भल्याचंच बोलत होता. बऱ्याच वेळाने ठोके थांबले.

"सकाये फिराले मले डॉक्टरनी सांगेल शे," आप्पा म्हणाले. "एकला काय फिरू?"

कामिनीबाई आतून बाहेर आल्या. "कोनता डॉक्टरनी? कव्हय?"

"सांगी कोनी तरी," आप्पा म्हणाले आणि पुन्हा हातोडी उचलली.

बाई आत गेल्या आणि मोठ्या बंबामागून एक खोका घेऊन आल्या. आत पांढरे करकरीत धावायचे बूट. "मंग ह्या बूट कोना शेतस?"

आप्पांचे कान तांब्यासारखे लाल झाले. आकाश हसला. त्याने माझ्या डोक्यावर हात फिरवला, चहा घेतला आणि गाडीत बसून गेला. मागच्या सीटवर जागा रिकामी होती, पण मला कोणी हाक मारली नाही.

तर आता मी आणि आप्पा. पहाटे दोघं किल्ल्याच्या वाटेने निघतो. धोतरावर पांढरे बूट, लोक बघतात, बघोत बापडे. आप्पांचं धावणं म्हणजे माझं चालणं, आणि चढ लागला की तेही थांबतं. पण ते स्वतःहून थांबणार नाहीत, मानी माणूस. म्हणून कधी कधी झुडपात काहीही नसलं तरी मी पाय उचलून उभा राहतो. आप्पा मागे येऊन दम खातात, मन लावून झुडपाकडे बघतात. श्वास जागेवर आला की पाठीवर हात येतो. काही उडत नाही. "गया व्हई," आप्पा म्हणतात, आणि आम्ही पुढे निघतो. माझ्या पूर्वजांना हे कळलं तर ते मला जातीतून काढतील.

भूमिका सुट्टीला येते तेव्हा खाकी वर्दीत येते. तिच्या बीटमध्ये, म्हणजे तिने राखायच्या रानात, तितर पकडायला फासे लावतात, ते ती काढत फिरते, असं ती जेवताना सांगते. आप्पा आता ताटाकडे बघत नाहीत, तिच्याकडे बघतात.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. फोनवर कधी एखादं दाढीवालं पिल्लू दिसेल, गोड दिसेल, घ्यावंसं वाटेल. घ्यायच्या आधी स्वतःच्या पायांना विचारा. आम्हाला गादी नको, खेळणी नकोत, वाढदिवसाचा केक तर नकोच. रोज पहाटे उठून सोबत येणारं माणूस हवं. ते असेल तर तुमच्या चार चपला खाऊनही आम्ही तुमचे उपकार फेडू. नसेल, तर फोटोवरच प्रेम करा, आमची काही तक्रार नाही.

बरं, पुरे झालं. आत आप्पांच्या बुटांच्या नाड्या बांधण्याचा आवाज येतोय. उठलोच.